एक्केचाळीस मार्कांचं अंदाजपत्रक

प्रेरणा शेडगेला मी नववीत गणितात शंभरपैकी छत्तीस मार्क दिले होते. वीस वर्षांनी तिने मला बत्तीस लाखांचा आकडा दिला. फिटंफाट झाली, असं आमच्या खालच्या मजल्यावरच्या धनाजीरावांचं मत आहे. धनाजीराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे सुटे पैसे आणि शेजाऱ्याची अब्रू या दोन्ही गोष्टी ते चारचौघांत मोजतात.

प्रेरणा आता आर्किटेक्ट आहे. भोरमध्ये तिचं ऑफिस आहे आणि दारावर काचेची पाटी आहे. तिने दिलेलं अंदाजपत्रक अकरा पानांचं होतं. स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लास्टिक, आणि पहिल्या पानावर आमच्या विंझरच्या जागेवर उभ्या राहणाऱ्या घराचं रंगीत चित्र. चित्रात घरापुढे एक परदेशी झाड आणि एक पांढरी मोटार होती. मी विचारलं, "मोटार धरून बत्तीस का?" प्रेरणा हसली नाही. ती नववीतही हसत नसे.

घर हवं होतं ते आबांसाठी. आबा म्हणजे माझे वडील, वय त्र्याऐंशी. आई गेल्यावर मी त्यांना विंझरहून भोरला आमच्या भाड्याच्या घरात आणलं, तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. आबा रोज जिना उतरून स्टँडवर जात, विंझरवरून येणाऱ्या वेल्ह्याच्या गाडीतून कोणी गाववाला उतरतो का बघत, आणि उतरला की त्याला चहा पाजून सगळ्या गावाची हजेरी घेत. मग एक दिवस न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आत स्टीलची पट्टी बसली, आणि आबांचा जिना कायमचा बंद झाला. गॅलरीत खुर्ची टाकून दिली. तिथून ते खालच्या माणसांना हाका मारत, पण तिसऱ्या मजल्यावरची हाक रस्त्यापर्यंत पोचत नसे.

खुर्चीत बसवून चौघांनी खाली न्यावं, असं मी एकदा सुचवलं. आबा भडकले. "जित्तेपनी खांद्यावर जायाचं व्हय रं? जाईन की. एकदाच जाईन." तेव्हा ठरलं, विंझरच्या जागेवर बिनजिन्याचं घर बांधायचं आणि आबांना जमिनीवर आणायचं. मंगल, म्हणजे माझी पत्नी, म्हणाली, "अहो, तोवर तळमजल्यावर दोन खोल्या तरी बघा." मी म्हणालो, सहा महिन्यांचा प्रश्न आहे, दोन-दोनदा सामान कशाला हलवायचं? हे माझं वाक्य मंगलने मला पुढे एकदाही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

चित्र काढण्याआधी प्रेरणा स्वतः तिन्ही मजले चढून आली आणि आबांच्या शेजारी दोन तास बसली. मी म्हणालो, घराचं काय ते माझ्याशी बोल. ती म्हणाली, "राहणार कोण आहे, सर?" मला हा प्रश्न उद्धट वाटला. शिक्षकाला विद्यार्थ्याचे बरेच प्रश्न उद्धट वाटतात, त्याला इलाज नाही.

संक्रांतीच्या सुमारास अंदाजपत्रक हातात आलं. आता ते तपासायचं कसं? माझी अठ्ठावीस वर्षांची एक पद्धत आहे. पेपर तपासताना मी आधी शेवटचं उत्तर बघतो. ते चुकलं असेल तर उलटा वर जातो आणि गाडी कुठे घसरली ते शोधतो. इथे नवव्या पानाच्या तळाशी एकूण बेरीज होती. ती चुकलेली होती, म्हणजे मोठी होती. मी लाल पेन उघडलं आणि नवव्या पानावरून पहिल्याकडे निघालो.

'कातळ लागल्यास फोडणे.' लागल्यास! गणितात 'लागल्यास' चालत नाही. काट मारली. 'प्रवेशाशी उतरता रस्ता व दोन्ही बाजूंस कठडा.' जोत्याला पायऱ्या सगळ्या तीन, त्यांना शेजारी रस्ता कशाला? गाडी घरात न्यायची आहे का? काट. 'अनपेक्षित खर्च, पाच टक्के.' तिथे मी समासात लिहिलं, 'अपेक्षित नाही, तर लिहिलास कसा?' हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते मंगलला दोनदा वाचून दाखवलं. तिने दोन्ही वेळा भाजीतच लक्ष ठेवलं. शेवटी, हात सवयीचा गुलाम, पहिल्या पानावर त्या पांढऱ्या मोटारीशेजारी मी गोल करून मार्क दिले. एक्केचाळीस. नववीपेक्षा पाच जास्त. प्रगती समाधानकारक होती.

एवढ्यावर भागलं असतं, पण जिन्यात धनाजीराव भेटले. "बत्तीस?" ते भिंतीला टेकले. "सर, आमच्या मेव्हण्यानं वरव्याला बांधलं. खाली दोन गाळे, वर हॉल, पत्र्याची शेड. सतरा लाखात किल्ली हातात. पोरीनं तुमाला नववीचं उट्टं काढून दाखवलं बघा."

मी शास्त्रीय वृत्तीचा माणूस आहे. एका मेव्हण्यावर विसंबून निष्कर्ष काढत नाही. चार रविवार मी भोरहून कापूरहोळ, कापूरहोळहून नसरापूर आणि तिथून वेल्ह्याची गाडी असा प्रवास केला. हातात टेप, पिशवीत जाड पुठ्ठ्याची वही. अलीकडे बांधलेली सात घरं मी मोजली. लोक टीव्ही बघत बसलेले असत, मी त्यांच्या पायांमधून टेप नेई. मार्गासनीजवळ सखूबाई नावाच्या म्हातारीने टेप बघितला आणि मी रस्ता रुंद करणारा सरकारी माणूस आहे असं समजून खराटा उगारला. मी हायस्कूलचा शिक्षक आहे असं सांगितल्यावर ती म्हणाली, "मग शाळा मोज की." तरीही आकडे मिळाले. विंझरला माझा चुलतभाऊ कोंडिबा राहतो. त्याचं घर दुमजली, चकचकीत फरशी, जिन्याला स्टीलचा कठडा. तो मिशीला पीळ देत म्हणाला, "अठरा. तेबी फरशी भारीतली घेतली म्हनून."

सात घरांची सरासरी निघाली सतरा लाख साठ हजार. मी आलेख काढला आणि तो घेऊन प्रेरणाच्या ऑफिसात गेलो.

तिने आलेख नीट बघितला. मग म्हणाली, "सर, कुणाची बिलं बघितलीत का?"

"सात माणसं खोटं बोलतील?"

"घराचा आकडा खरा कुणी सांगत नाही, सर. भावकीला कमी सांगतात, म्हणजे कुणी उसने मागायला येत नाही. सोयरीक जुळवताना वाढवून सांगतात. मी पण ऐकून घेते, लिहून नाही घेत."

मी तिला सरासरीची व्याख्या समजावून सांगितली. तिने ती शेवटपर्यंत ऐकली. पोरीवर संस्कार चांगले आहेत.

दरम्यान बँकेत कर्जाचा अर्ज दिला होता. त्याला आर्किटेक्टच्या सही-शिक्क्याचं अंदाजपत्रक जोडायचं होतं, आणि सही-शिक्क्याची प्रत माझ्याकडे एकच होती. साहेबांनी प्लास्टिक उचललं आणि चष्मा पुढे ओढला. "हे एक्केचाळीस काय आहे?"

"गुण."

"कशाचे?"

यावर मी जे स्पष्टीकरण दिलं ते शेजारच्या काउंटरवरच्या लोकांनी काम थांबवून ऐकलं. साहेब म्हणाले, "शिक्क्याच्या कागदावर खाडाखोड चालत नाही. शिवाय तुम्हालाच पटलेलं नाही, तर बँकेने का पटवून घ्यावं?" त्या रांगेत माझे तीन माजी विद्यार्थी उभे होते. तिघांनीही मला नमस्कार केला आणि लगेच मोबाईल काढले.

ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर जागा अजून माझ्या आजोबांच्या, गेनू यांच्या नावावर निघाली. ते जाऊन एक्केचाळीस नव्हे तरी छत्तीस वर्षं झाली होती. वारस लावायला ग्रामसेवक हवे, आणि ग्रामसेवकांकडे तीन गावं. मी विंझरला जाई तेव्हा ते दुसरीकडे असत, दुसरीकडे जाई तेव्हा तिसरीकडे. धनाजीराव म्हणाले, "सर, ते गाडीवानी आस्तेत. थांब्यावर थांबायचं, पाठलाग करायचा न्हाई." मी पाठलागच करत राहिलो.

आबा दर रविवारी संध्याकाळी विचारत, "पाया किती वर आला?"

"आकडा बसतोय, आबा."

"बसू दे. मीबी बसलोयच."

तेव्हा मला यात विनोद दिसला. मी तो शिक्षकांच्या खोलीत सांगितलाही.

प्रेरणाकडे दुसरी प्रत मागायची तर मान खाली घालावी लागणार होती. माझी मान त्या काळात दुखत होती. अशा वेळी कोंडिबाने पप्पू ठेकेदार पाठवला. पप्पूने दोन्ही हात खिशात घालून जागेभोवती एक चक्कर मारली. "कागुद कशापायी, सर? ठोक एकोनीस. माज्या शब्दाला जेसीबी धावतंय." मला हा माणूस आवडला. त्याच्या बोलण्यात 'लागल्यास' नव्हतं. भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले आणि अक्षय्य तृतीयेला नारळ फोडला. आबांना मोबाईलवर दाखवलं. त्यांनी पडद्याला हात लावला आणि म्हणाले, "माती काळीच हाय अजून."

अडीच फुटांवर कातळ लागला.

"कातळ बोलीत न्हवता, सर," पप्पू म्हणाला. खरंच नव्हता. ज्या कागदात होता तो मी लाल केला होता. पप्पूला पुण्याकडे मोठं काम लागलं आणि तो 'चार दिसात येतो' म्हणून गेला. चार दिवस संपायच्या आत पाऊस आला, आणि वेल्ह्याचा पाऊस पाव्हण्यासारखा नसतो, तो बिऱ्हाड घेऊन येतो. माझ्या पायाचं तळं झालं. गावात बदकं नाहीत म्हणून, नाही तर तीही आली असती.

जुलैत मी दहावीला त्रिकोणमिती शिकवत होतो. कोंडिबाचा फोन आला. "अमृत, तुज्या घरात माजी म्हस पडलीया."

रजेच्या अर्जात कारण लिहावं लागतं. मी 'घराच्या पायात म्हैस' असं लिहिलं. मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं आणि काही न विचारता सही केली. मी पोचलो तेव्हा सारं विंझर खड्ड्याभोवती होतं आणि म्हैस मधोमध, गळ्यापर्यंत पाण्यात, सगळ्यांत शांत. दोर लावा, पंप लावा, हिरवा चारा दाखवा, सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाने मलाच आत उतरायला सांगितलं, कारण घर माझं होतं. शेवटी एका बाजूने खणून उतार काढला, त्यावर दगड टाकले, आणि म्हैस आपल्या पायांनी चालत वर आली. म्हणजे माझ्या घरातली सर्वांत आधी पुरी झालेली बाब ही मी काटलेला उतरता रस्ता होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या चपला त्या तळ्यात राहिल्या.

कोंडिबाने घरी नेऊन कोरडं धोतर आणि चहा दिला. मी म्हणालो, "तुझं घर अठरात झालं, माझा खड्डाच साडेचारात गेला."

त्याने इकडेतिकडे बघितलं. "एकतीस गेलं रं."

"मला अठरा म्हणालास!"

"भावकीला अठराच सांगत्यात. तू भावकीच न्हवं?" त्याला माझं खरंच आश्चर्य वाटत होतं. "म्हनलं, तुला ठावं आसंल. तूबी हितलाच की."

मी इथलाच. अठ्ठावीस वर्षं भोरला पगार घेता घेता इथलं काय विसरलो, ते मला सात घरांत टेप लावूनही कळलं नव्हतं. त्याच्या धोतरात एसटीत बसून मी परत आलो.

म्हशीची गोष्ट आबांना रंगवून सांगितली. ते खूप हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग विचारलं, "कुनाची म्हस?"

"कोंडिबाची."

"कोन कोंडिबा?"

कोंडिबाला आबांनी खांद्यावर बसवून जत्रा दाखवलेल्या. मला वाटलं गंमत करताहेत, मी पुढे सांगत राहिलो. आठवड्याने त्यांनी मंगलला "बाई, तुमी कुन्या गावच्या?" असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. माणसांत बसवत चला, बोलतं ठेवा, घराबाहेर नेत चला. मी मान हलवली आणि ते औषधांच्या खाली लिहून घेतलं.

गणपती झाल्यावर प्रेरणाकडे गेलो. बोलायचं घोकून गेलो होतो, पण तिने बोलू दिलं नाही. चहा मागवला आणि स्वतःची प्रत काढली. "सर, सगळं घर आता राहू द्या. दहावं पान करू या आधी."

"दहाव्या पानावर काय आहे?"

तिने ते पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. दहाव्या पानावर वर लिहिलं होतं, 'टप्पा पहिला'. एक खोली, तिला लागून न्हाणीघर, पुढे ओटा, ओट्याला उतरता रस्ता आणि कठडा. सात लाख. कर्जाशिवाय. कालावधी तीन महिने. अकराव्या पानावर फक्त त्या खोलीचा नकाशा होता, ओट्यावर खुर्चीची खूण होती, आणि खुर्चीचं तोंड रस्त्याकडे होतं.

"आबा आजोबा म्हणाले होते, मला येक खोली नि वटा पुरं, बाकीचं पोरगं बांधंल सावकाश. म्हणून ते वेगळं काढलं. मला वाटलं, तुम्ही वाचलं आणि तुम्हाला पटलं नाही."

मी नवव्या पानाच्या बेरजेला थांबलो होतो. संक्रांतीला अंदाजपत्रक आलं होतं, म्हणजे आबा चैत्रात ओट्यावर बसले असते, कोंडिबाला नावाने हाका मारत. एवढं गणित मला तिथे तोंडी करता आलं, आणि मला तिच्या समोर रडू आलं. ती उठून खिडकीशी गेली आणि बराच वेळ रस्त्यावरची रहदारी बघत राहिली.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. कातळ फुटला, अनपेक्षित खर्च झाला, बरोबर पाच टक्के. मी कुठल्याही कागदाला पेन लावलं नाही. माघात खोली तयार झाली. तोवर आबा मला 'मास्तर' म्हणू लागले होते, आणि अहोजाहो करू लागले होते.

खाली न्यायच्या दिवशी मला भीती होती ती त्यांच्या रागाची. त्यांनी राग केला नाही. चौघांनी प्लास्टिकची खुर्ची उचलली, आबा मुकाट्याने बसले आणि हात मांडीवर ठेवले. त्यांनी एकदा तरी शिवी हासडावी, असं मला प्रत्येक पायरीला वाटत होतं. धनाजीराव पुढे चालत होते. प्रत्येक वळणावर ते "थांबा, दम घ्या, आता जाऊ द्या" असं गाडी सोडल्यासारखं सांगत होते, आणि तळमजल्याला पोचल्यावर त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं.

विंझरला प्रेरणा आधीच येऊन थांबली होती. कोंडिबा होता, त्याची माणसं होती. आबा कठड्याला धरून, मंगलच्या आधाराने, उतारावरून स्वतःच्या पायांनी वर गेले. ओट्यावर बसले. रस्त्याने जाणाऱ्या दोघा-तिघांनी "आबा, राम राम" म्हटलं, त्यांनी हात वर केला. कोंडिबा पाया पडला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, झालं. उशिरा का होईना, उत्तर आलं.

मंगलने चहा आणला. आबांनी भिंतीवरून हात फिरवून बघितला, मग माझ्याकडे वळले. "मास्तर, घर लई झ्याक बांधलंय तुमी."

"आबा, हे तुमचंच घर आहे."

"व्हय, व्हय," ते भिडस्तपणे म्हणाले, कोणी फार आग्रह केला की म्हणतात तसं. मग काठी जवळ ओढली. "आता आमाला भोरला सोडा. जिना मोठा हाय, उजेड हाय तवर चढाया पायजे. पोरगा वाट बघत आसंल. माज्यासाठनं घर बांधायचं म्हनतोय, त्येला लई काळजी आस्ती."

"सोडतो," मी म्हणालो. "चहा घ्या, मग निघू."

त्यांनी कप घेतला, आणि मला शेजारी बसायला जागा केली.